यादीत राहिलेला मोबाइल

मी खोटं बोलले नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते. वाक्य अगदी खरं होतं. "एक मोबाइल जुड़ा हुआ था, उसकी वजह से अटका." त्यात एकही शब्द चुकीचा नव्हता, आणि त्याच वाक्यामुळे एका बाईची अठरा वर्षांची जागा गेली.

आमचं ऑफिस इंदूरला, पलासियात, एका कोचिंग क्लासच्या वर. सॉफ्टवेअरचं काम. मी तिथे वयाने सगळ्यांत मोठी आणि बऱ्याचदा एकटीच बाई. मागच्या गल्लीत डोळ्यांचा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांना भिंतीवर नंबर दाखवणारा बोर्ड हवा होता. डॉक्टर आत बटण दाबतील, बाहेर टीव्हीवर पुढचा नंबर येईल. कुणी ओरडायचं नाही, कुणी दारावर टकटक करायची नाही. काम लहान होतं. मी ते मागून घेतलं, कारण ऑफिसात मी एका नव्या असिंक्रोनस फ्रेमवर्कचा हट्ट धरून बसले होते आणि ते चालतं हे मला दाखवायचं होतं. आमचा मालक माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तो म्हणाला होता, "दीदी, जुनं चालतंय ना? कशाला उंगली करायची?" मी म्हटलं, "तू बघच."

काम सुरू करण्याआधी मी दोन दिवस दवाखान्यात बाकावर बसून राहिले. नुसतं बघायला. ही माझी जुनी सवय आहे. लोक काम कसं करतात ते विचारून कळत नाही.

काउंटरवर एक बाई होती. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, चष्मा दोरीला बांधलेला. सासरे कापड मिलमध्ये कारकून होते, नवरा रेल्वेतून रिटायर झालेला. मी मराठी आहे हे कळल्यावर तिने लगेच मराठी सुरू केलं, म्हणजे इंदूरचं मराठी. "बैठा ना ताई, उभ्या कशाला? डॉक्टरसाहेबांना अजून टाइम आहे." मीही तिला ताईच म्हणायला लागले. दोघी एकमेकींना ताई म्हणायचो, मोठी कोण हे कधी विचारलं नाही.

तिचं काम बघण्यासारखं होतं. एक पेशंट पिशवीत जुना कागद शोधतोय, तर ती त्याच्यासमोर उभी राहायची नाही. "सापडला की सांगा बाबा," म्हणून दुसऱ्याकडे वळायची. दुसऱ्याच्या डोळ्यांत थेंब टाकलेले, त्याला वीस मिनिटं बसायचं आहे, तोवर तिसऱ्याचा फोन. कागद सापडलेला म्हातारा हात वर करायचा आणि ती जिथे सोडलं होतं तिथूनच त्याचं पुढे चालू करायची. एकटी बाई, पन्नास माणसं, आणि कुणापाशीही रिकामी ताटकळत उभी नाही. असिंक्रोनस म्हणजे हेच. मी नंतर ऑफिसात नव्याने येणाऱ्यांना हेच उदाहरण देऊन शिकवत आले. तिचं नाव न घेता.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिली होती, आणि वहीत लिहूनही घेतली होती. ती नंबर पुकारायची, दोनदा. कुणी उठलं नाही तर पेन्सिलीने त्या नावावर आडवी रेघ मारायची आणि पुढचा नंबर पुकारायची. तो माणूस नंतर आला की रेघ खोडून त्याला शेवटी बसवायची. न आलेल्या माणसासाठी बाकीची रांग कधी थांबली नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये नेमकी ही रेघ नव्हती.

साध्या वेबपेजचं काम असं असतं की ते विचारतं, उत्तर घेतं आणि जातं. आमचा बोर्ड वेबसॉकेटवर होता, त्यात लाइन उघडी राहते. टीव्हीने सकाळी एकदा लाइन जोडली की दिवसभर सर्व्हर तिच्यावरून नंबर पाठवू शकतो. अशा जितक्या लाइनी उघड्या, त्यांची सर्व्हर एक यादी ठेवतो. डॉक्टरांनी बटण दाबलं की तो यादीवरून एकेक करत जातो आणि प्रत्येकाला नवा नंबर देतो. पेज नीट बंद केलं तर ती लाइन जाताना सांगून जाते आणि यादीतून निघते. पण वायफायच्या बाहेर गेलेला मोबाइल काही सांगत नाही. यादीत तो असतो, जागेवर नसतो. त्याला पाठवायला गेलं की प्रोग्राम चूक फेकतो आणि तिथेच थांबतो. ती चूक तिथेच पकडायची, मेलेली लाइन यादीतून काढायची आणि पुढे जायचं, एवढंच करायचं असतं. चार ओळी. मी त्या जागी एक शेरा टाकून ठेवला होता: "बंद लाइनी काढणे, नंतर." एक टीव्ही आणि डॉक्टरांचा एक टॅबलेट, त्यात बंद काय पडणार, असं मला वाटलं.

बोर्ड लागला. लोकांना आवडला. मालकाने मला ऑफिसात सगळ्यांसमोर "मान गए दीदी" म्हटलं. आठवड्याभराने मी सहज दवाखान्यात गेले, तेव्हा ताई म्हणाली, "ताई, बोर्ड छान आहे हो. पण मला आत थेंबांच्या खोलीत जावं लागतं, तिथून दिसत नाही तो."

"मोबाइल द्या इकडे," मी म्हटलं. तिच्या मोबाइलवर बोर्डचं पेज मी स्वतः उघडून दिलं. "हे घ्या. आता कुठूनही बघा."

"चालतं ना असं? डॉक्टरसाहेब म्हणतील, काउंटरवर मोबाइल कशाला."

"मी सांगते ना. चालतं. आणि आता ओरडायचं नाही, दारही वाजवायचं नाही. बोर्डवर भरवसा ठेवा."

हे माझेच शब्द. एकही बदललेला नाही.

दीड महिना काही झालं नाही. त्याचं कारण मला नंतर कळलं. सकाळी झाडू मारणारी बाई आधी टीव्ही लावायची, ताई त्यानंतर येऊन मोबाइल उघडायची. यादीत टीव्ही पहिला, मोबाइल मागे. मोबाइल मेला तरी टीव्हीला नंबर आधीच मिळालेला असायचा. ज्या दिवशी ते झालं, त्या दिवशी अकराच्या सुमारास लाइट गेली आणि मिनिटभरात आली. सर्व्हरचा कॉम्प्युटर आणि वायफाय इन्व्हर्टरवर होते, टीव्ही नव्हता. टीव्ही बंद होऊन पुन्हा चालू झाला, पुन्हा जोडला गेला, आणि यादीत शेवटी गेला. मोबाइलच्या मागे.

मग ताई कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा प्यायला गेली. दहा मिनिटं. मोबाइल पर्समध्ये, वायफायच्या बाहेर. आत डॉक्टरांनी बटण दाबलं. सर्व्हर यादीवरून निघाला, ताईच्या मोबाइलपाशी अडखळला आणि तिथेच संपला. टीव्हीपर्यंत पोहोचलाच नाही. टीव्हीवर तेवीस, कोपऱ्यात हिरवा ठिपका. सगळं ठीक असल्याचा.

त्या दवाखान्यात तपासलेला माणूस आतल्या दारानेच चष्म्याच्या दुकानाकडे जातो, त्यामुळे तेवीस नंबरवाला कधी गेला हे बाहेर कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी चोवीस दाबला, वाट पाहिली. पंचवीस, वाट पाहिली. असे एकोणतीसपर्यंत सहा नंबर दाबले. कुणीच येईना. त्यांना साडेबाराला ऑपरेशन होतं. ते मागच्या जिन्याने वर निघून गेले. बाहेर सहाजण तेवीसकडे बघत बसलेले. ताई चहाहून आली, तिनेही तेवीस पाहिला. दार वाजवायचं नाही असं मी सांगितलेलं. ती बोर्डवर भरवसा ठेवून बसली.

सव्वा वाजता गलका झाला. पाचजण इंदूरचेच होते, संध्याकाळी या म्हटल्यावर कुरकुरत गेले. सव्वीस नंबरची म्हातारी गौतमपुऱ्याहून सुनेबरोबर बसने आली होती. डोळ्याच्या प्रेशरचा त्रास, थेंब संपलेले, पुढचे कुठले घालायचे ते आज विचारायचं होतं. सून म्हणाली, "शाम तक कैसे रुकें बाई, घर पे भैंस है, बच्चे हैं." त्या निघून गेल्या. दवाखान्यातून फोन आल्यावर मी पोहोचले तेव्हा त्यांच्या बाकावर केळ्याची सालं असलेली पिशवी राहिली होती.

मी लॅपटॉप उघडला. लॉगमध्ये सहा वेळा तीच चूक, तीच ओळ. कारण सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. शेऱ्यासकट माझी रिकामी जागा समोर होती.

डॉक्टर ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांतच खाली आले. कंपाउंडर, चष्मे तपासणारा माणूस, थेंब घालणारी सिस्टर आणि संध्याकाळच्या नंबरासाठी आलेले तीन-चार पेशंट, सगळे उभे.

"मैडमजी, ये क्या हुआ? किसने छेड़ा इसको?"

इथे मला म्हणायचं होतं, माझी चूक आहे. तीन शब्द. मी म्हटलं, "एक मोबाइल जुड़ा हुआ था, उसकी वजह से अटका."

"मोबाइल? किसका मोबाइल?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. जणू तिथे अजून काही वाचायचं होतं.

"मेरा था साहब," ताई म्हणाली.

डॉक्टर तसे वाईट गृहस्थ नाहीत. पण ऑपरेशन करून आलेले, वर सहा पेशंट हुकलेले. ते बोलले, आणि मोठ्याने बोलले. अठारह साल हो गए, अब काउंटर पे बैठ के मोबाइल चलाएँगी आप? चाय पीने जाना था तो बोल के जातीं. ताई डॉक्टरांकडे बघतही नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी मान वर केली तेव्हा ते कळलं, आणि मी पुन्हा खाली पाहिलं.

दुपारी ऑफिसात येऊन मी चार ओळी लिहिल्या. प्रत्येक पाठवणं वेगळं पकडायचं, न पोहोचलेली लाइन काढायची, दर वीस सेकंदांनी प्रत्येकाला हाक मारून जिवंत आहे का बघायचं. काम नोंदवताना त्यासोबत एक ओळ लिहावी लागते, काय बदललं त्याची. मी लिहिलं, "जुन्या लाइनींची हाताळणी सुधारली." सुधारली! कुणी वाचलं तर वाटावं, आधी चांगलंच होतं, आता आणखी चांगलं झालं.

आठवड्याने ताईला मागच्या फायलींच्या खोलीत बसवलं आणि काउंटरवर एक नवी मुलगी आली. मोबाइलवर बंदी. बोर्ड त्यानंतर एकदाही अडकला नाही. मी त्या गल्लीतून जाणं सोडलं. ऑफिसला यायला मोठ्या रस्त्याने सिग्नलवर दहा मिनिटं जास्त लागतात, तरी मी तिकडून येऊ लागले. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तांत्रिक चूक आहे, होते." मला ते ऐकायला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

न सांगायची कारणं माझ्याकडे होती. नवं फ्रेमवर्क माझ्या हट्टाने आलेलं. पहिल्याच कामात माझा हलगर्जीपणा निघाला असता तर मालक हसला असता, आणि मला त्याचं हसणं नको होतं. एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी दोन वर्षं शोधलं. सापडलं नाही.

या वर्षी डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं. आता सगळ्या जुन्या फायली कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. मी मालकाबरोबर गेले. डॉक्टर उत्साहाने दाखवत होते. "ये पूरा कमरा खाली हो जाएगा. यहाँ एक मशीन लगाऊँगा."

ताई तेव्हा खोलीत नव्हती. मी विचारलं, "और यहाँ जो बैठती हैं?"

"हाँ, वो... अब उनका काम तो रहेगा नहीं. उम्र भी हो गई. देखते हैं."

मालकाने मोजपट्टी काढून खोली मापायला सुरुवात केली होती. आधी माझ्या वाक्याने तिला काउंटरवरून या खोलीत आणलं. आता माझाच प्रोग्राम तिला या खोलीतून घरी पाठवणार होता. मी डॉक्टरांना म्हटलं, दोन मिनिटं केबिनमध्ये बोलायचं आहे. मालकालाही म्हटलं, "तूही ये."

सांगितलं. मोबाइलवर पेज मीच उघडून दिलं होतं. दार वाजवू नका हे मीच सांगितलं होतं. चूक माझ्या लिहिण्यात होती, शेरासुद्धा होता, मी टाळलं.

डॉक्टर हसले. "अरे मैडमजी, दो साल पुरानी बात! आप अभी तक लेके बैठी हैं?"

"मी नाही, त्या बसल्यात. मागच्या खोलीत," मी म्हटलं. मराठीतच निघालं, पण त्यांना कळलं. ते हसायचे थांबले. म्हणाले, "ठीक है, उनको रखेंगे."

मालक हसला नाही. नंतर जिन्यात एवढंच म्हणाला, "बोलायचं होतं ना दीदी. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?"

केबिनमधून मी फायलींच्या खोलीत गेले. ताई स्टुलावर बसून एक फाटका गठ्ठा दोरीने बांधत होती. चष्म्याची काच बदललेली, केस आणखी पांढरे. मी उभ्यानेच सगळं बोलून टाकलं. तिने गाठ मारून पुरी केली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं. मी वाट बघत होते. तुमच्या तोंडाकडेच बघत होते ना मी."

काहीतरी विचारायचं म्हणून मी गौतमपुऱ्याच्या म्हातारीचं विचारलं. दोन वर्षं ती माझ्या डोक्यात होती, पण चौकशी करायची हिंमत झाली नव्हती.

"तिला मी त्याच दिवशी फोन केला होता, सुनेच्या नंबरवर," ताई म्हणाली. "कंपाउंडरला विचारून थेंबांचं नाव सांगितलं, परवा या म्हटलं. आली ती. आत्ता दिवाळीच्या आधीही येऊन गेली. घाबरू नका, दिसतं तिला." मग म्हणाली, "त्याच मोबाइलवरून केला हो फोन."

ती हसली. मला हसता आलं नाही.

"ताई, मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, तुम्हाला ठेवतील."

"कुठे सांगितलंत?"

"केबिनमध्ये."

"दार लावून?"

मी मान हलवली.

"वा. मला बोलले तेव्हा सगळ्यांसमोर बोलले. कंपाउंडर होता, सिस्टर होती, पेशंट होते. माझ्या मुलाच्या जुन्या शाळेतली एक मास्तरीण होती त्यात, संध्याकाळच्या नंबराला आलेली. तिने गल्लीभर सांगितलं, म्हणे बाई ड्यूटीवर मोबाइल खेळत होत्या. आणि तुम्ही केबिनमध्ये सांगता." तिचा आवाज चढला नव्हता. "नोकरीचं राहू द्या. नोकरी मी बघते माझी. बाहेर येऊन सांगा."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढायचा?"

मी बाहेर आले. ती मागे. काउंटरपुढे तीसेक माणसं होती, सांवेरकडची दोन-तीन कुटुंबं पोतडी घेऊन बसलेली, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नवी मुलगी होती, तिला ताई फक्त फायली आणून देणारी म्हणून माहीत. मी कंपाउंडरला आणि सिस्टरला हाक मारली. चष्मे तपासणारा आपणहून आला. मीटिंगमध्ये मी तासभर बोलू शकते, इथे चार वाक्यांना घाम फुटला. दो साल पहले बोर्ड अटका था, वो मेरी गलती थी. मोबाइल मैंने ही लगा के दिया था. इनकी कोई गलती नहीं थी. मैं उस दिन चुप रही.

पेशंट बघत राहिले. पोतडीवाल्यांतला एकजण काय झालं ते विचारत शेजाऱ्याला म्हणाला, "कई हुयो?" शेजाऱ्याने खांदे उडवले. कंपाउंडर खाली बघत होता. सिस्टर ताईकडे बघून म्हणाली, "देखा, मैं बोली थी ना तेरे को." म्हणजे सिस्टर दोन वर्षं ताईच्या बाजूने बोलत होती. कुणीतरी होतं.

चष्मे तपासणारा मला म्हणाला, "मैडमजी, उस दिन बोल देतीं तो बात वहीं खतम थी." तो बरोबर बोलत होता. मी हो म्हटलं.

काउंटर ताईला परत मिळालं नाही. ते डॉक्टरांनी नव्या मुलीकडेच ठेवलं, कॉम्प्युटर तिला चांगला येतो म्हणून. ताईला थेंबांच्या खोलीत सिस्टरच्या हाताखाली दिलं. तिथे ती पेशंटना बसवते आणि वेळ बघते. पगार तोच आहे, पण अठरा वर्षं सगळा दवाखाना जिच्या हातात होता, ती आता दुसरीच्या हाताखाली आहे. हे माझ्या चार वाक्यांनी बदललं नाही. बदलणारही नाही.

त्या दिवशी बोलून झाल्यावर मी तिच्याकडे वळले. वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल. जाऊ द्या ताई, असं काहीतरी. मला ते ऐकायचं होतं.

ती म्हणाली, "हं. झालं?" आणि पोतडीवाल्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला बाकावरून उठवत म्हणाली, "चलो बाबा, अंदर. दवाई डालनी है."